चौदा नंबरची स्टॉक कार

माझे यजमान दुबईत एका एअर कंडिशनिंगच्या कंपनीत स्टॉक कंट्रोलर होते. अल कूझला कंपनीचं मोठं गोडाउन होतं. कॉम्प्रेसर असो, फिल्टर असो की नटबोल्टचा डबा, यांच्या सहीशिवाय काही आत येत नसे आणि बाहेर जात नसे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका शनिवारी सकाळी, यांच्या टेबलावर एक मेमो येऊन पडला. विषय, ‘स्टॉक कार’. खाली लिहिलं होतं, ‘अ‍ॅक्शन, स्टॉक डिपार्टमेंट’.

यांनी तो तीनदा वाचला. मग गोडाउनची अख्खी यादी काढून तपासली. तीत कार नव्हती. संध्याकाळी घरी आले तेव्हा चेहरा उतरलेला होता, आणि चहाबरोबरच्या खारीलाही हात लावला नाही.

“अगं, स्टॉकमधली एक कार गायब आहे,” हे म्हणाले.

“कसली कार?”

“तेच तर कळत नाहीये. कधी आली, कोणी उतरवून घेतली, माझी सही कुठेच नाही.”

दुसऱ्या दिवशी हे धीर करून जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजर इंग्रज होते. उंच, उन्हाने लाल झालेले, आणि कोणत्याही गोष्टीला टाळी वाजवून ‘राइट!’ म्हणणारे. यांनी सांगितलं, सर, कार सापडत नाही. सर आधी गोंधळले, मग मेमो बघून इतके हसले की बाहेरून सेक्रेटरी पाणी घेऊन आली. तिनेच तो मेमो टाइप केला होता. ती नवीन होती, आणि स्टॉक कार म्हणजे स्टॉक डिपार्टमेंट असा तिने सरळ हिशेब केला होता.

मग उलगडा झाला. शहराबाहेर वाळवंटात गोऱ्या लोकांच्या एका मोटर क्लबने गोल ट्रॅक केला होता. दर वर्षी फेब्रुवारीत, एका शुक्रवारी, तिथे जुन्या गाड्यांची शर्यत व्हायची. रोजच्या वापरातली म्हातारी गाडी घ्यायची, काचा काढायच्या, मागची सीट काढायची, दारं वेल्ड करून टाकायची, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि तशाच दुसऱ्या गाड्यांबरोबर पळवायची. धडकली तर धडकली. अशा गाडीला म्हणायचं स्टॉक कार. यंदा आपल्या कंपनीनेही एक उतरवावी असं सरांच्या मनात होतं.

“सर, पण जायचं कुठे असतं?” यांनी विचारलं.

“कुठेच नाही. गोल.”

चूक तिथेच दुरुस्त करता आली असती. पण सर म्हणाले, आता मेमो निघालाच आहे तर तूच बघ. अशा रीतीने माझे यजमान, ज्यांनी आयुष्यात ताशी ऐंशीच्या वर काटा नेला नव्हता, ते रेसिंग टीमचे मॅनेजर झाले.

मला हे सगळं ऐकून एकच प्रश्न पडला. “म्हणजे एवढं पेट्रोल जाळून जिथून निघालो तिथेच परत यायचं?”

“हो,” हे म्हणाले. “पंधरा वेळा.”

गाडी मिळाली ती एक जुनी जपानी सेडान. कंपनीच्या एका सेल्समनने ती इतकी वापरली होती की तिचा मूळ रंग कोणाला सांगता येत नव्हता. ती सजवायचं काम वर्कशॉपच्या फोरमनकडे गेलं. फोरमन पेशावरकडचे पठाण होते, दाढी मेंदीने रंगवलेली, आवाज खणखणीत. सगळे त्यांना चाचा म्हणत. वीस वर्षं कंपनीच्या पिकअप दुरुस्त करून ते कंटाळले होते. मेमो ऐकल्यावर त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाबू, ये गाड़ी नहीं है. ये इज्जत है.” मग इज्जतीची दारं काढून बसवून त्यांनी कायमची वेल्ड केली. क्लबने नंबर मागितला तेव्हा यांनी चौदा दिला, कारण गाडी चौदा नंबरच्या रॅकसमोर उभी होती आणि यांना घोटाळा नको होता. गोडाउनमध्ये पाइप रंगवायचा पिवळा रंग उरला होता, तो गाडीला लागला.

पहिल्या वर्षी आम्ही सगळे सहलीला निघाल्यासारखे गेलो. मी चाळीस धपाटी, दही आणि बटाटेवडे घेतले होते. अल ऐनच्या रस्त्यावरून आत वळलं की दोन-तीन किलोमीटर नुसती वाळू, आणि मग एकदम जुन्या टायरांची भिंत दिसायची. त्या भिंतीच्या आत अंड्याच्या आकाराचा ट्रॅक, पाणी मारून दाबलेला. बाहेर सतरंज्या, छत्र्या, गोऱ्यांच्या शेगड्यांवर भाजणारं मटण. एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ पिकअपच्या टपावर खुर्ची टाकून लाउडस्पीकरवर कॉमेंटरी करत होते. शर्यत सुरू नसली तरी ते बोलत. “द जंटलमन इन द ब्लू हॅट इज ईटिंग अ सॉसेज,” असंही त्यांनी सांगितलं.

चाचा खिडकीतून आत शिरले आणि गाडी सुटली. पहिल्या चार फेऱ्यांत त्यांनी नऊ जणांना मागे टाकलं. आम्ही ओरडून ओरडून घसे बसवले. पाचव्या फेरीला पिवळी गाडी समोरच्या वळणावर आली, हळू झाली, आणखी हळू झाली आणि थांबली. चाचा आत हाताची घडी घालून बसून राहिले. बाकीच्या गाड्या त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाळू उडवत जात होत्या.

शर्यत संपल्यावर गाडी ओढून आणली. चाचा खिडकीतूनच यांच्याकडे बघत म्हणाले, “बाबू, पेट्रोल कितना डाला?”

“एक लिटर.”

“एक क्यूं?”

“रिक्विझिशन स्लिप एक लिटर की थी.”

चाचा खिडकीतून बाहेर आले. मग त्यांनी एक वडा मागितला, खाल्ला, आणि म्हणाले, “अगले साल स्लिप मैं लिखूंगा.”

पुढच्या वर्षी पेट्रोल भरपूर होतं. अडचण वेगळीच झाली. मधल्या काळात यांना शोरमाची गोडी लागली होती. ऑफिसच्या खालीच दुकान होतं. दोन दिरहॅमला एक, म्हणजे अठरा रुपयांना, म्हणजे फारच स्वस्त, असा हिशेब करून हे दोन-दोन खात. त्याचा परिणाम शर्टाच्या बटणांवर दिसू लागला होता, पण घरात मी सोडून कोणी त्यावर बोलत नव्हतं.

शर्यतीला दहा मिनिटं उरली असताना यांच्या मनात आलं की सीटचा पट्टा नीट बांधलेला आहे का, ते आपण बघितलेलं नाही. हे पाय आधी घालून खिडकीतून आत गेले. आत जाताना काही वाटलं नाही. पट्टा ओढून बघितला, समाधान झालं, आणि हे बाहेर यायला निघाले. डोकं आलं. खांदे आले. पुढचं येईना.

चाचांनी ओढलं. मी ओढलं. तेवढ्यात क्लबचा माणूस हिरवा झेंडा घेऊन आला आणि ‘चौदा नंबर, लाइनमध्ये’ म्हणून ओरडला.

“एक मिनिट,” मी म्हटलं, “हे आत अडकलेत.”

“ड्रायव्हर आतच असायचा असतो, मॅडम,” तो म्हणाला.

चाचांनी यांच्याकडे बघितलं. यांनी चाचांकडे बघितलं. चाचांनी स्वतःच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, यांच्या डोक्यावर बसवलं, आणि अतिशय प्रेमाने पट्टा आवळला. “साब, अब चला ही लो.”

“अहो, हळू!” मी ओरडले. एवढंच सुचलं.

ते सांगायची गरज नव्हती. बाकीच्या गाड्या हरणांसारख्या पळाल्या आणि आमची पिवळी गाडी, उजवी बाजू धरून, इतरांना पुढे जायला जागा देत, गंभीरपणे फिरू लागली. प्रत्येक वळणावर हे खिडकीतून हात बाहेर काढून इशारा देत होते. कोणी मागून जवळ आलं की हातानेच ‘जा, जा’ म्हणून खूण करत. कॉमेंटरीवाले गृहस्थ आधी हसले आणि मग आदराने म्हणाले, “नंबर फोर्टीन इज टेकिंग हर मदर टु चर्च.” त्या दिवशी तेरा गाड्यांपैकी आठ एकमेकींत घुसून बंद पडल्या. चालत राहिलेल्या पाचांत हे पाचवे आले. एकही ओरखडा नाही.

त्यांना बाहेर काढायला तीन माणसं लागली. पुढची काच नव्हतीच, म्हणून त्या बाजूने, बॉनेटवरून सरपटत काढलं. शर्टाची दोन बटणं आत राहिली. आमची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती, ऊद मेथाच्या शाळेत पाचवीत. आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. ती तोंडावर हात ठेवून म्हणाली, “बाबा, एव्हरीवन इज लुकिंग.”

“बघू देत,” हे बॉनेटवर पडल्या पडल्या म्हणाले. “फिनिश केली.”

आता माझं सांगते.

दुबईत येऊन मला सहा वर्षं झाली होती आणि ड्रायव्हिंगच्या टेस्टला मी सहा वेळा नापास झाले होते. वर्षाला एक, असं बरोबर पडलं होतं. तिथली टेस्ट म्हणजे गाडीत चार बायका, पुढे काळा चष्मा लावलेली पोलीस ऑफिसर, आणि पाळीपाळीने प्रत्येकीने पाच मिनिटं चालवायची. एकदा मी हिरव्या सिग्नलला थांबले, कारण तो कधीही लाल होईल असं मला वाटलं. एकदा आरशात इतकी बघत राहिले की समोर बघायचं राहिलं. आणि राउंडअबाउटला मी थांबायची ती थांबायचीच. डावीकडून येणारा प्रत्येक जण आधी जाऊन घेऊ दे असं मनात यायचं, आणि दुबईत डावीकडून येणारे कधी संपत नाहीत. ऑफिसर शेवटी म्हणायची, “खलास, सिस्टर. नेक्स्ट.”

तिसऱ्या वर्षी क्लबने लेडीज रेस जाहीर केली. सरांनी यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुझी बायको चालवते का?

“नो सर. सहा वेळा फेल झाली.”

“राइट!” सरांनी टाळी वाजवली. “फिअरलेस!”

हे घरी येऊन सांगू लागले तेव्हा मला वाटलं, आता नाही म्हणायला मदत करा असं म्हणतील. पण हे म्हणाले, “तिथे लायसन्स लागत नाही.” आणि मला काय झालं कोण जाणे. सहा वर्षं लोकांनी मला फक्त गाडीतून उतरायला सांगितलं होतं. चढ म्हणून कोणी पहिल्यांदाच सांगत होतं. मी हो म्हटलं.

शिकवायला चाचा होते. शुक्रवारी दुपारी, जेवणानंतर, वर्कशॉपमागच्या मोकळ्या मैदानात. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी शिकवलेलं सगळं त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात काढून टाकलं.

“भाभी, शीशे में क्या देख रही हो? शीशा है ही नहीं.”

“सवय हो गई है, चाचा.”

“पीछे वाला पीछे है. उसका काम वो जाने. और ब्रेक को भूल जाओ.”

“और राउंडअबाउट?”

चाचांनी जरा विचार केला. “समझो कि पूरा एक ही राउंडअबाउट है. बस एक्झिट नहीं है.”

मला हे फार पटलं. माझी सगळी भीती कुठून आत शिरायचं आणि कुठून बाहेर पडायचं याची होती. बाहेर पडायचंच नाही म्हटल्यावर काय भ्यायचं? चाचांनी मला पहिला गिअर शिकवला, दुसरा शिकवला. तिसऱ्याचं विचारलं तर म्हणाले, “तीसरा बाद में.”

शर्यतीच्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. ते विरेपर्यंत आम्ही टायरांच्या भिंतीजवळ चहा पीत उभे होतो. मी पंजाबी ड्रेस घातला होता आणि ओढणी कमरेला गाठ मारून बांधली होती. हेल्मेट डोक्यात जाईना, कारण मी नेहमीसारखा अंबाडा घातला होता. तो सोडून वेणी घालावी लागली. वेणी घालायला आमच्या मुलीला बसवलं तर ती वेणी घालता घालता मला बजावत होती, “मम्मी, प्लीज डोन्ट वेव्ह अ‍ॅट पीपल. प्लीज डोन्ट से सॉरी टु एनीवन.”

आम्ही सात जणी होतो. एक स्कॉटिश नर्स होती, धिप्पाड आणि हसरी. ती माझ्या धपाट्यांची दर वर्षीची गिऱ्हाईक. बाकीच्या कोणाच्या कोणाच्या बायका, एक शाळेतली खेळाची टीचर. दहा फेऱ्या होत्या. हिरवा झेंडा पडला आणि मी सवयीने थांबले, सगळ्या जाऊन घेऊ देत म्हणून. सहाही जणी गेल्या. मग मी निघाले.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत खेळाची टीचर पूर्ण चक्कर मारून माझ्या मागे आली आणि तिने मला मागून धाडकन ठोकलं.

दुबईत राहिलेल्या कोणालाही विचारा. गाडीला गाडी लागली की पहिला नियम काय? गाडी हलवायची नाही. पोलीस येईपर्यंत जिथे आहे तिथेच उभी करायची, नाहीतर चूक तुमचीच धरतात. सहा वर्षांत सहा वेळा घोकलेला हा नियम मला झोपेतही आठवला असता. मी ट्रॅकच्या मधोमध गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि पोलिसांची वाट बघत बसले.

एक मिनिट कोणालाच काही कळलं नाही. मग लाउडस्पीकरवरचा आवाज अतिशय हळू म्हणाला, “लेडीज अँड जंटलमेन, आय बिलीव्ह नंबर फोर्टीन इज वेटिंग फॉर द पोलीस.”

चाचा टायरांवर चढून दोन्ही हात हलवत होते. “भाभी! यहां पुलिस नहीं आएगी! भागो!” हे मला लांबून दिसत होते, पण यांनी डोळ्यांवर हात धरला होता. मला चाचांचं पटेना. असे म्हणणारे खूप असतात, आणि नंतर चूक आपली निघते.

तेवढ्यात प्रेक्षकांतून एक अरबी गृहस्थ उठले. अंगात पायघोळ, पांढरी स्वच्छ कंदुरा, सोबत बायको-मुलं, हातात मुलाचं आइस्क्रीम. ते भिंतीपाशी आले आणि आइस्क्रीम उंच धरून ओरडले, “सिस्टर! आय अ‍ॅम पोलीस! नो प्रॉब्लेम! यल्ला, गो!”

सुट्टीवरचे पोलीस होते ते. पण पोलीस ते पोलीस. मी किल्ली लावली.

आणि निघताना मला राग आला. खरं तर मागून ठोकल्याचा राग मी इतका वेळ कायद्यासाठी धरून ठेवला होता, तो आता मोकळा झाला. मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तो काढलाच नाही. इंजिन मिक्सरमध्ये खोबरं फिरावं तसं ओरडत होतं. खेळाची टीचर पुढच्या वळणावर सापडली. मी तिला ठोकलं. तोंडातून ‘सॉरी’ निघालं, पण हेल्मेटच्या आतच राहिलं. तिची गाडी वाळूत फिरली आणि तिच्या अंगावर आणखी दोघी येऊन थांबल्या. त्यांतल्या एकीचं चाक निखळून एकटंच पुढे पळत गेलं आणि थोडा वेळ तेच शर्यतीत पहिलं होतं. मागून येणाऱ्या चौथीच्या बॉनेटमधून वाफ निघाली. आता आम्ही तिघीच उरलो.

मी कितवी आहे, किती फेऱ्या झाल्या, मला काही माहीत नव्हतं. खिडकीतून वाळू येऊन दातांत कचकचत होती. वेणी सुटली होती. एका फेरीत दिसलं की हे आता डोळ्यांवरचा हात काढून उभे आहेत. पुढच्या फेरीत दिसलं की हे टायरांच्या भिंतीवर चढलेत. त्याच्या पुढच्या फेरीत यांचा आवाज ऐकू आला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण हे इतक्या मोठ्याने ओरडू शकतात हे मला तेव्हा कळलं.

“अगं, दाब! दाब!”

मी दाबत होतेच. चौकडीचा झेंडा पडला तेव्हा स्कॉटिश नर्स पहिली होती आणि मी दुसरी. तिसरीची गाडी मधे बराच वेळ बंद पडली होती, त्यामुळे तिच्यापेक्षा मी अर्धी फेरी पुढे होते, असं म्हणतात. झेंडा म्हणजे थांबायचं, हे चाचा सांगायला विसरले होते. म्हणून मी आणखी दोन फेऱ्या मारल्या. शेवटी चाचा स्वतः ट्रॅकवर येऊन आडवे उभे राहिले.

मला खिडकीतून काढलं. नर्सने मला उचलून गोल फिरवलं, आणि मुलीने कोणी बघत नाहीसं पाहून माझा हात धरला. हे आले आणि त्यांनी आधी गाडी तपासली, मग मला.

“लागलं का कुठे?”

“नाही.”

“सगळी शर्यत दुसऱ्या गिअरमध्ये?”

“तिसरा शिकवलाच नाही.”

हे चाचांकडे वळले. चाचा आकाशाकडे बघू लागले. बक्षीस म्हणून एक छोटा चकचकीत कप मिळाला. कप आधीच छापून आणलेले होते, त्यामुळे त्यावर ‘जंटलमेन, सेकंड’ असं होतं. तो मी टीव्हीवर ठेवला. त्याचा फोटो मुलीने परस्पर पुण्याला आजीला पाठवून दिला, गाडीच्या फोटोसकट. मला धाकधूक वाटत होती. महिन्याने सासूबाईंचं पत्र आलं. ‘फोटो पाहिला. गाडीला काचा दिसत नाहीत. ऊन लागत असेल. कानाला रुमाल बांधत जा.’ बाकी काही नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी सातव्यांदा टेस्ट दिली. तीच ऑफिसर, तोच काळा चष्मा. राउंडअबाउट आला. मी न थांबता शिरले आणि न थांबता बाहेर पडले. मागच्या तिन्ही बायका एकमेकींच्या मांडीवर गेल्या. ऑफिसर डॅशबोर्ड धरून ‘शोय शोय, सिस्टर! शोय शोय!’ म्हणत होती. हळू, हळू. नापास. कारण ओव्हरस्पीड. मी तो कागद घरी आणून यांना दाखवला, तेव्हा यांनी तो दोनदा वाचला आणि जाऊन जिलेबी घेऊन आले. आठव्यांदा मी पास झाले, पण तेव्हा जिलेबी आली नाही.

पुढे काही वर्षं ही शर्यत आमच्या घरी सणासारखी झाली. डिसेंबर संपला की चाचा ‘भाभी, हाथ-पैर हिलाओ’ म्हणून निरोप पाठवत. त्यांनी मला तिसरा गिअर शिकवला, पण तो मला मानवला नाही. तिसऱ्या गिअरमध्ये मी दोनदा टायरांच्या भिंतीत गेले आणि परत दुसऱ्यावर आले. पहिली मी कधीच आले नाही. नर्स दर वर्षी पहिली यायची आणि माझ्याकडून धपाट्याचं पीठ भिजवायला शिकायची. ते तिला कधी जमलं नाही, त्यामुळे हिशेब सारखाच होता. हे मात्र पुन्हा गाडीत बसले नाहीत. शोरमा सोडायचा की गाडी, असा प्रश्न आला तेव्हा यांनी फार वेळ घेतला नाही.

शेवटची शर्यत झाली त्या वर्षी गाड्याच कमी होत्या. नवीन रस्ते येत होते, क्लबचे जुने लोक आपापल्या देशांत परतत होते, आमचे सरही इंग्लंडला गेले होते. सगळ्या रेस एकत्र करून एकच ठेवली, पुरुष आणि बायका मिळून. चार गाड्या. तिसऱ्या फेरीत वारा सुटला आणि बघता बघता वाळूचं वादळ आलं. मला स्वतःचं बॉनेट दिसेना. पिवळा रंग आणि पिवळी वाळू, मी आहे की नाही हेही प्रेक्षकांना कळत नव्हतं. मी अंदाजाने गोल फिरत राहिले. मधेच एकदा काहीतरी लागलं, तो उंट नव्हता एवढंच मी खात्रीने सांगू शकते.

कॉमेंटरीवाले ऑस्ट्रेलियन गृहस्थ पिकअपच्या टपावरून उतरून आत काचा लावून बसले होते आणि तिथूनच बोलत होते. “आय कॅन हिअर फोर कार्स,” ते म्हणाले. नंतर, “थ्री.” मग बऱ्याच वेळाने, “फोर अगेन.” फेऱ्या मोजणाऱ्याचा कागद उडून गेला. वारा पडल्यावर बघितलं तर चारही गाड्या चार दिशांना तोंडं करून उभ्या होत्या, आणि त्यांतली एक ट्रॅकच्या बाहेर कोणाच्या तरी सतरंजीवर. सतरंजीवरची माणसं केव्हाच उठून गाडीत जाऊन बसली होती, म्हणून बरं. कोण जिंकलं, याचा वाद सुरू झाला. चाचा शपथेवर सांगत होते की भाभी पहिल्या. नर्सचा नवरा शपथेवर सांगत होता की नर्स. शेवटी क्लबच्या माणसाने चौघांनाही पहिलं जाहीर केलं आणि कप एकच असल्यामुळे तो परत खोक्यात ठेवून दिला. वड्यांत इतकी वाळू गेली होती की ते फेकून दिले. चाचांनी मात्र दोन खाल्ले. “पेशावर में इससे ज्यादा मिट्टी खाई है,” म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात क्लबचं पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चाचा रिटायर होऊन गावी गेले. मुलगी कॉलेजला गेली. एका फेब्रुवारीत, शुक्रवारी, सकाळी नाश्ता झाल्यावर हे म्हणाले, “चल, बघून येऊ.” आम्ही दोघंच गेलो, आमच्या साध्या, आरसे असलेल्या गाडीतून. आत वळायचा रस्ता आता डांबरी झाला होता. टायरांची भिंत नव्हती. जाळीचं कुंपण होतं, आत पाइपांचे ढीग, एक क्रेन, आणि गेटपाशी पत्र्याच्या खोलीत एक वॉचमन, गोरखपूरकडचा.

“किससे मिलना है, साहब?”

“किसी से नहीं,” हे म्हणाले. “यहां पहले गाड़ियों की रेस होती थी. वो देखने आए हैं.”

त्याने आत बघितलं. सगळं सपाट होतं. “यहां? कहां से कहां तक?”

यांनी हाताने हवेत मोठं गोल काढून दाखवलं. “यहां से निकलकर यहीं.”

“आप चलाते थे?”

“मैं एक बार. मैडम कई बार.”

वॉचमनने माझ्याकडे बघितलं. मी साडी नेसले होते आणि मांडीवर डबा होता. तो हसला नाही, पण त्याला हसू आवरायला कष्ट पडत होते, ते मला दिसत होतं.

“इतनी दूर आकर गोल-गोल घूमते थे?”

यांनी प्रश्नाचा नीट विचार केला. “हां,” हे म्हणाले.

वॉचमनने खोलीतून आणखी एक प्लास्टिकची खुर्ची आणली. एका खुर्चीवर मी बसले, दुसरीवर हे, आणि तो उलट्या बादलीवर. मी डबा उघडला. धपाट्यावर दही वाढून त्याच्यापुढे धरलं तर तो म्हणाला, ये क्या चीज है. मी सांगायला लागले, आणि पीठ कसं भिजवायचं इथवर आले तेव्हा त्याचं दुसरं धपाटं संपलं होतं.